डेटा शिकवणाऱ्यांकडे डेटा नाही

"सर, आज सीट बुक केलीत तर फीमध्ये 40 टक्के सूट." गेल्या महिन्यात हे वाक्य मी 11 वेळा ऐकलं. मी चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. वय 37, घराचे हप्ते चालू, मुलगी चौथीत. आयटीत उडी मारावी का, हा प्रश्न माझ्यापुढे खरोखरच होता. म्हणून पुण्यात कर्वेनगरपासून हिंजवडीपर्यंतच्या क्लासवाल्यांसमोर जाऊन बसलो. आता या जमातीबद्दल स्पष्ट बोलतो.

यांचं तत्त्वज्ञान आधी ऐका. एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार, अशी भीती घालायची. त्यावर उतारा काय? तर बेसिक कोडिंग आणि रिपोर्ट बनवणं, म्हणजे एआयच्या तोंडाशी सर्वांत आधी उभी असलेली कामं, सहा महिन्यांत शिका! आग लागलेल्या इमारतीत फ्लॅट विकायला बिल्डरसुद्धा धजावणार नाही.

आणि बाजार कसा आहे? जुलै 2025 मध्ये टीसीएसने 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. बहुतेक मधल्या आणि वरच्या फळीतली. कंपनीचे प्रमुख के. कृतिवासन म्हणाले, याला कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ बसत नाही. त्याच्या महिनाभर आधी तिथे नियम आला होता: वर्षात 225 दिवस बिलेबल, म्हणजे ग्राहकाला बिल लावता येणारे, हवेत; बेंचवर, म्हणजे प्रोजेक्टशिवाय, 35 दिवसांहून जास्त नको. अहो, याच धंद्यात पंधरा-वीस वर्षं मुरलेल्या माणसाचं कौशल्य जुळत नाही, आणि मायक्रोमीटर धरणाऱ्या माझं शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये जुळणार? रांगेत माझ्यापुढे तो उभा असेल, बाजूला यंदाचे पदवीधर. फ्रेशरचं पॅकेज मोठ्या कंपन्यांत दहा वर्षांपूर्वी साडेतीन लाखांच्या आसपास होतं, आजही तिथेच घुटमळतंय. मागणी खरंच उसळली असती तर पगार असा थिजला असता का?

हे विचारलं की उत्तर मिळतं, "सर, माइंडसेट पॉझिटिव्ह ठेवा." बाजारातल्या गर्दीचा दोष माझ्या मनावर ढकलणं, ही शुद्ध लबाडी आहे.

भिंतीवर हसऱ्या पोरांचे फोटो, खाली लाखांचे आकडे. मला 2020 मधल्या, मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या व्हाइटहॅट ज्युनियरच्या जाहिराती आठवल्या. त्यात वुल्फ गुप्ता नावाचा मुलगा कोडिंग शिकून गुगलमध्ये कोटींचं पॅकेज मिळवायचा. असा मुलगा मुळात नव्हताच! एका ठिकाणी तर दार लोटून, आवाज खाली आणून सांगितलं, "तीन वर्षांचा एक्स्पिरियन्स लावून देऊ." म्हणजे खोटी कंपनी, खोटी सॅलरी स्लिप. पीएफची नोंद तपासली की भांडं फुटतं. घरी बसणार मी, फी मात्र क्लासवाल्याच्या खात्यात.

इथे माझं हसू संपतं. माझ्याकडे निदान नोकरी आहे. लातूर-नांदेडची पोरं कॉट बेसिसवर राहून हेच ऐकतात. बाप सोयाबीन विकून फी भरतो. पोरगं सहा महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन परत त्याच गर्दीत. त्यांना 'प्लेसमेंट असिस्टन्स' विकणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही?

शिकण्याला माझा विरोध मुळीच नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएलवर फुकट आहेत. मी रात्री जेवण झाल्यावर पायथन शिकतोय, पण माझ्याच कारखान्यासाठी. आमच्या सीएमएम मशीनमध्ये वर्षानुवर्षांची मापं पडून आहेत. कुठल्या पाळीत, टूल किती झिजल्यावर बोअर टॉलरन्सबाहेर जातो, हे मला ठाऊक आहे. क्लासच्या मास्तरांना बोअर म्हणजे काय, इथपासून सांगावं लागेल. पंधरा वर्षांचं हे ज्ञान फेकून मी शून्यातून फ्रेशर का व्हायचं?

काल बाराव्यांदा फोन आला. डेटा सायन्सची शेवटची सीट. मी म्हटलं, "मागच्या बॅचमध्ये किती जण होते? किती जणांना नोकरी लागली? किती महिन्यांनी, किती पगारावर?"

"सर, तो डेटा आमच्याकडे नसतो."

"मग पाच जणांचे फोन नंबर द्या. मीच गोळा करतो."

फोन कट झाला.