जुनी मोटारसायकल : इंजिन दुरुस्त करावे की बदलावे?

मैत्रिणींनो, लोणची-पापड आणि मुलांचे अभ्यास सोडून आज मोटारसायकल कुठून काढली, असं म्हणाल. पण जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी असलेली एखादी जुनी राजदूत, येझदी नाहीतर बुलेट बऱ्याच घरांत असते. ती घरातल्या पुरुषांची, हे खरं. मात्र तिच्यावर खर्च करायची वेळ आली की पैसा घरखर्चातूनच निघतो, तेव्हा दोन गोष्टी आपल्यालाही ठाऊक असाव्यात.

आमच्याकडे मामंजींची १९७८ सालची येझदी आहे. ते गेल्यापासून ती जागची हललेली नाही. यंदा भावजींनी मेकॅनिक आणला. त्याने किक दाबून पाहिली, ती खाली जाईना. "इंजिन संपलंय. दुसऱ्या कंपनीचं दीडशे सीसीचं इंजिन बसवून देतो, पोरगा रोज कॉलेजला नेईल," असं तो म्हणाला. पुतण्या खूश झाला. ह्यांचं म्हणणं, वडिलांची गाडी आहे, होती तशीच उभी करायची. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आवाज तोच राहील का रे?" हिशेबाची वही माझ्याकडे असल्यामुळे चौकशीही माझ्याकडेच आली. शाळा अर्ध्या दिवसाची, तेव्हा दुपारी वेळ होता.

येझदी ही म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गाडी. कारखाना १९९६ साली बंद पडला. येझदीचं नाव २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आलं, म्हणून अनेकांना वाटतं की आता सुटे भाग कंपनीतच मिळतील. तसं नाही. नव्या येझदीचं इंजिन ३३४ सीसीचं, पाण्याने थंड होणारं, फोर स्ट्रोक आहे. जुनं अडीचशे सीसीचं टू स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. एकाचा भाग दुसऱ्याला लागत नाही. जुन्यासाठी पिस्टन, रिंगा, बेअरिंगं असे भाग दुसरे लोक बनवून विकतात, आणि ते मिळतात.

"इंजिन संपलं" हे बाहेरून पाहून कुणी सांगू नये आणि आपणही मानू नये. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टन सिलिंडरला गंजाने धरून बसतो आणि किक जाम होते. तो सोडवता येतो. सिलिंडर घासला गेला असेल तर लेथवर बोअर करून थोडा मोठा पिस्टन घालतात. मामंजींच्या शेवटच्या दिवसांत गाडी फार धूर सोडायची, हाही पुरावा म्हणून पुढे आला. पण टू स्ट्रोक गाडीत क्रँकचं ऑइल सील झिजलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं आणि पांढऱ्या धुराचे लोट निघतात. सील ही स्वस्तातली वस्तू, मजुरी काय ती इंजिन खोलण्याची. कुकरची शिटी नीट होत नाही म्हणून आपण कुकर मोडीत घालत नाही, आधी रिंग बदलून पाहतो ना!

मी अट घातली की इंजिन आधी आमच्यासमोर खोलायचं आणि सिलिंडर व क्रँक मोजून आकडे कागदावर लिहून द्यायचे. खोलणावळ वेगळी द्यावी लागली, ती दिली. बोअर झिजलेला निघाला, क्रँकचं बेअरिंग गेलेलं, सील कडक झालेलं. पण चेंबर, म्हणजे इंजिनचं बाहेरचं कवच, शाबूत होतं. माझ्या मते सगळा निर्णय ह्या चेंबरवर आहे, कारण इंजिनचा नंबर त्यावर ठोकलेला असतो आणि तोच नंबर आरसी बुकात असतो. आतलं सगळं नवं घातलं तरी कागदावर आणि कायद्यात गाडी तीच राहते.

दुसऱ्या कंपनीचं इंजिन बसवलं की मात्र गोष्ट निराळी. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे गाडी मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. आता अशा एकेका फेरबदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दंडापेक्षा मला धास्ती वाटली ती विम्याची. उद्या पुतण्याच्या हातून रस्त्यात काही झालं आणि गाडीवरचं इंजिन कागदाशी जुळलं नाही, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी. भरपाई आपल्या घरातून जाणार. हे मी जाऊबाईंना शांतपणे सांगितलं. पोरगा त्यांचा, त्यांच्या लगेच लक्षात आलं.

शिवाय मेकॅनिकच्या आकड्यात इंजिन तेवढं होतं. सांगाड्यावर नवे पाय वेल्डिंग करणं, चेन सरळ रेषेत आणणं, सहा व्होल्टचं वायरिंग काढून बारा व्होल्टचं करणं, दोन सायलेन्सरच्या जागी एक बसवणं, हे "नंतर बघू" होतं. येझदीत किक आणि गिअर एकाच दांड्यावर असतात, ती गंमतही जाणार. सगळं लिहून काढलं तेव्हा दोन्ही खर्चांत फारसं अंतर उरलं नाही.

इंजिन बदलणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही. पेट्रोल परवडेना तेव्हा गावोगावच्या लोकांनी बुलेटला डिझेल इंजिनं बसवून किटल्या वाहिल्या, पोटासाठी केलं ते. पण रोज कॉलेजला जायला गाडी हवी असेल तर वापरलेली स्कूटर घ्यावी, आजोबांच्या येझदीचे हाल करू नयेत. चेंबरच फुटलेलं निघालं असतं तर? मग दुसऱ्या येझदीचं तसलंच इंजिन शोधून, परिवहन कार्यालयाची परवानगी आधी घेऊन मगच बसवावं. ती मिळाली नाही तर पुसून शोभेला ठेवावी. विजेवर चालवण्याची किटं निघाली आहेत, त्यांनाही त्या मॉडेलसाठी सरकारमान्य संस्थेची मंजुरी लागते, हे विक्रेत्याला तोंडावर विचारा.

आणखी एक. पन्नास वर्षं पुरी झालेल्या आणि मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणीचा वेगळा नियम आहे. फी वीस हजार, आणि गाडी रोज वापरता येत नाही. आमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. ती नोंदणी करू की नाही, ते तेव्हा पाहू, पण परकं इंजिन बसवलं तर तो रस्ता आजच बंद होतो.

आता खर्चाचं. आम्ही दोन टप्पे केले. यंदा इंजिन आणि ब्रेक. रंग आणि निकेल पुढच्या दिवाळीनंतर. पुरुषांना आधी टाकी चकचकीत करायची घाई असते, आणि मग इंजिन उतरवताना त्याच रंगावर ओरखडे पडतात! फेरबदल हवाच असेल तर पुन्हा काढता येईल असा करावा, जसं हातमशीनला मोटर लावतो तसं. इलेक्ट्रॉनिक इग्निशन त्यातलं. जुना भाग डब्यात चिठ्ठी लावून ठेवावा.

ह्या सगळ्याच्याही आधी आरसी बुक काढून इंजिन आणि चासीचे नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा, मुदत संपली आहे का तेही बघा. मालक वारले असतील तर ३१ नंबरचा फॉर्म भरून गाडी वारसाच्या नावावर करावी लागते, इतर वारसांची संमती घेऊन. आमच्याकडे ती सही भावजींनी गेल्या रविवारी केली, पहिली फेरी त्यांची, ह्या अटीवर.