चुंबकाला काय चिकटलं नाही?



चुंबकाचा पाठ आपल्या वर्गात कसा होतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. टाचण्या चिकटतात, खोडरबर चिकटत नाही, कागदावर लोहकिसाच्या रेषा उमटतात. मुलं खूश! आणि जाताना एक वाक्य डोक्यात पक्कं करून जातात, "चुंबक धातूला ओढतो." हे वाक्य चुकीचं आहे, पण मोठी माणसंही सर्रास तेच बोलतात. माझं म्हणणं असं, की हे वाक्य खोडायचं असेल तर मुलांना गाडीचा ड्रेन नट दाखवा.

इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं. ते काढायला तिथे एक नट असतो. काही गाड्यांत त्याच्या टोकाला छोटा चुंबक बसवलेला असतो, नसेल तर तसा नट वेगळा विकत मिळतो. इंजिन चालताना पोलादी भाग घासतात, त्यांची बारीक पूड ऑइलमध्ये मिसळते. फिल्टर मोठे कण अडवतो, पण अगदी बारीक कण त्याच्या कागदातून निसटतात आणि पुन्हा फिरत राहतात. त्यातले काही हा चुंबक धरून ठेवतो. ऑइल बदलताना नट काढला की टोकावर काजळासारखा करडा लगदा दिसतो. तो थोडासा असेल तर घाबरायचं कारण नाही, झीज व्हायचीच. पण हाताला टोचेल असा तुकडा किंवा गिअरच्या दाताचा टवका निघाला, की मेकॅनिक मान हलवतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाशी तर कंपन्या स्वतःच चुंबक ठेवतात. विमानांत आणि हेलिकॉप्टरांत याच्याही पुढची सोय असते: चुंबकावर पुरेसे कण जमले की दोन टोकं जोडली जातात, विद्युतमंडल पूर्ण होतं आणि वैमानिकासमोर दिवा लागतो. (मंडलाचा पाठही यातच उरकता येईल!)

आता खरा मुद्दा. पिस्टन बहुतेक ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो. बेअरिंगच्या आतल्या थरांत ॲल्युमिनियम, तांबं, कथील, काही ठिकाणी शिसंही असतं. यातलं काहीच चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे बेअरिंग झिजून ऑइलमध्ये चमचम दिसत असेल, तरी नट स्वच्छ निघू शकतो. बाहेरून आलेली धूळ चिकटत नाही, काजळी चिकटत नाही. ब्रेक ऑइल तर हवेतला ओलावा शोषून खराब होतं, तिथे चुंबक काय करणार?

म्हणून पालकहो, "चुंबक लावा आणि ऑइल बदलायचं विसरा" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. ऑइल फक्त कणांनी बिघडत नाही. उष्णतेने त्याचा कस जातो, त्यात मिसळलेली रसायनं संपतात. शिवाय "तापवल्यास चुंबकत्व कमी होते" हे आपणच फळ्यावर लिहितो ना? साधा निओडिमियम चुंबक साधारण 80 अंश सेल्सिअसच्या वर कमजोर व्हायला लागतो, आणि इंजिन ऑइल 100 अंशांच्या आसपास सहज पोचतं. म्हणून अशा नटांत उष्णता सोसणारा चुंबक लागतो. चुंबक हा मदतनीस आहे, फिल्टरची किंवा ऑइल बदलण्याची जागा तो घेत नाही.

वर्गात गाडीचं काळं ऑइल आणू नका. ते त्वचेला वाईट, आणि उरलेलं गटारात ओतणं तर त्याहून वाईट. वाटीभर गोडं तेल घ्या. त्यात चिमूटभर लोहकीस, ॲल्युमिनियम फॉइलचे बारीक कपटे आणि तांब्याच्या तारेचे तुकडे टाका. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तेलात फिरवा. पिशवी उलटी करून चुंबक बाहेर काढला की कीस आपोआप सुटतो, नाहीतर तो खरवडत बसावं लागतं. मग तेच तेल फडक्यातून गाळा आणि फडक्यात काय राहिलं ते मुलांना मोजू द्या. मात्र चुंबक फिरवण्याआधी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घ्या, हे टाळू नका. नंतर घरच्या स्टीलच्या भांड्यांना चुंबक लावायला सांगा. काही भांड्यांना चिकटेल, काहींना नाही, आणि "सर, दोन्ही स्टीलच ना?" हा प्रश्न तुमच्याकडे येईलच. स्टीलचे प्रकार वेगवेगळे असतात, हे तेव्हा सांगा, आधी नको.

वर्गातल्या एखाद्या मुलाच्या वडिलांचं गॅरेज असेल तर त्यांना एक तास बोलवा. एक वापरलेला नट आणि एक नवा घेऊन यायला सांगा. लगदा बघून मेकॅनिक काय ओळखतो, हे आपल्यापेक्षा ते चांगलं सांगतील. आपण मागच्या बाकावर बसायचं.

आणि चाचणीत "चुंबकाला चिकटणाऱ्या चार वस्तू लिहा" हा प्रश्न या वर्षी काढून टाका. त्याऐवजी विचारा: ड्रेन नट अगदी स्वच्छ निघाला, तर इंजिन ठणठणीत आहे असं म्हणता येईल का? उत्तराला सहा ओळी जागा सोडा.