नाद आणि न्याय

मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरातील कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय कष्टकऱ्यांच्या ‘चुचुंबे’ या गीतनृत्यावर १७६६ मध्ये चर्चच्या धर्मन्यायालयाने बंदी घातली. पुढे त्याच प्रांतातील, लाकडी मंचावर टाचांनी ताल धरणारा फांदांगो उत्सव राष्ट्राचे भूषण ठरला. मात्र आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन समाजाची संविधानात नोंद होण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

कलेचा गौरव आणि कलावंताची उपेक्षा आम्हांस अपरिचित नाही. आमच्या पूर्वजांच्या ढोलकीने तमाशाचे फड गाजले. ढोलकीवाला गावकुसाबाहेरच राहिला. आंबेडकरी जलशाने त्याच बाजातून प्रबोधन घडविले. म्हणून आमचे नम्र मत असे की, आपल्या स्नेहसंमेलनात चित्रपटगीतांइतकाच जलसाही रंगावा आणि त्यामागील इतिहासही विद्यार्थ्यांस शिकविला जावा.