आमची मुले गोष्टीत कधी येणार?

गेल्या मे महिन्यात मोहल्ल्यातल्या वाचनालयात पाचवी-सहावीच्या मुलांना मी गोष्ट लिहायला सांगितली. पंधरा मुले, सगळी मुसलमान, सगळी मराठी शाळेत शिकणारी. कुणाच्या गोष्टीत राजू होता, कुणाच्या चिंटू, कुणाच्या पिंकी. सलीम किंवा रेहाना एकाही वहीत नव्हते. कारण विचारले, तर एक मुलगी सहज म्हणाली, "सर, गोष्टीत आपली नावं नसतात."

हे तिला कुणी शिकवले? आपण लगेच मराठी बालसाहित्याकडे बोट दाखवू. तिथे मुसलमान येतो तो बहुधा ईदच्या दिवशी, शीरखुर्म्याची वाटी घेऊन, आणि वाटी रिकामी होताच निघून जातो. तक्रार खरी आहे. पण सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली भरले, त्याला तीन दशके उलटून गेली. या काळात आपण अस्मितेवर परिसंवाद घेतले, कविसंमेलने गाजवली. मुलांसाठी किती लिहिले? मोजके अपवाद सोडले तर उत्तर देताना मान खाली जाते.

बालसाहित्य म्हणजे दुय्यम काम, असे आपल्यातले काही ज्येष्ठ खासगीत म्हणतात. डॉ. झाकीर हुसेन जामिया मिल्लियाचे कुलगुरू होते, पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. त्यांनी उर्दूत मुलांसाठी 'अब्बू खाँ की बकरी' लिहिली. त्यांना ते काम हलके वाटले नाही. आपल्याला का वाटावे?

आणि जे थोडे लिहिले जाते, त्याचे काय? आपला बालनायक कधी खोटे बोलत नाही, मोठ्यांना उलटून उत्तर देत नाही आणि शेवटच्या परिच्छेदात राष्ट्रीय एकात्मतेवर भाषण करतो. हा मुलगा नव्हे, समाजाचे चारित्र्य-प्रमाणपत्र आहे. प्रेमचंदांच्या १९३३ सालच्या 'ईदगाह'मधला हमीद आठवा. खिशात तीन पैसे. खेळणी, मिठाई सोडून तो चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना दादीची बोटे पोळतात. तो चिमटा घेऊन दोस्तांशी वाद घालतो, फुशारकी मारतो. म्हणूनच तो खरा वाटतो. हा हमीद एका हिंदू लेखकाने दिला, याचा आनंद आहे. मराठीतला हमीद आपण दिला नाही, याची लाज वाटली पाहिजे.

आमच्या सलीमला क्रिकेटमध्ये चिडी खेळू द्या. रेहानाला सायकलसाठी अब्बांशी भांडू द्या. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलताना मुलांची जी गंमत होते, फजिती होते, ती पानावर येऊ द्या. कोकणातल्या नानीला तिच्याच बोलीत गोष्ट सांगू द्या. 'शुद्ध' मराठीची काळजी संपादक करतील.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक संमेलनात एक सत्र असे हवे, जिथे समोर मुले बसतील आणि लेखक गोष्ट सांगतील. गोष्ट कंटाळवाणी असेल तर मुले उठून जातील; यापेक्षा परखड समीक्षा दुसरी नाही. आणि आपल्यापैकी प्रत्येकाने या वर्षी एक तरी गोष्ट लिहावी, तात्पर्याशिवाय.

येत्या मे महिन्यात ती मुलगी पुन्हा वाचनालयात येईल. तिच्या हातात काय द्यायचे, हे आपण आताच ठरवायला हवे.