भत्ता हेही उत्पन्नच!

"अपंगत्वाच्या भत्त्यावर जगणाऱ्याला क्रेडिट कार्ड हवंच कशाला?" असं म्हणणारे इथे अमेरिकेत भेटतात. मला हे अजिबात पटत नाही.

एसएसआय योजनेत २०२५ साली एकट्या माणसाला केंद्र सरकारकडून महिन्याला जास्तीत जास्त ९६७ डॉलर मिळत. राहतं घर आणि एक गाडी सोडून शिल्लक २००० डॉलरच्या वर गेली, की त्या महिन्याचा भत्ता बंद! ही मर्यादा १९८९ पासून तीच आहे. म्हणजे साठवायचं नाही आणि उधारही मिळणार नाही. मग व्हीलचेअरची बॅटरी बसली तर करायचं काय?

कर्जात बुडण्याची भीती खरी आहे, पण ती पगारदारांनाही आहेच की. २००९ च्या कायद्यानुसार बँकेने ऐपत तपासावी, जरूर तपासावी. पण उत्पन्न सरकारी मदतीतून येतं एवढ्याच कारणावरून नकार देता येत नाही, हे १९७६ पासून कायद्यात आहे.

असो. पण फॉर्मवर 'कंपनीचं नाव' भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नसेल, तर कायदा काय कामाचा? मंडळी, तो रकाना सक्तीचा करणारे आपल्यातलेच कुणीतरी असतात. 'नोकरी नाही, उत्पन्न आहे' असा पर्याय द्यायला कितीसा कोड लागतो?