कण्याला आधार, मुलीला मोकळीक

वाढीच्या वयात पाठीचा कणा एका बाजूला वळत चालला की डॉक्टर ब्रेस देतात. काखेपासून कमरेखालपर्यंत आवळलेलं, कडक प्लास्टिकचं कवच. विदर्भातल्या एप्रिलमध्ये ते अंगावर वागवत वर्गात बसणाऱ्या मुलीचा विचार करून पाहा. ती ते काढून ठेवते, यात तिचा हट्ट नसतो.

पण तास मोजावेच लागतात. अमेरिका-कॅनडातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ब्रेसमध्ये तापमान टिपणारा सेन्सर बसवला होता. दिवसाला १२.९ तासांहून जास्त ब्रेस घालणाऱ्या ९० ते ९३ टक्के मुलांचा बाक ५० अंशांच्या, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो त्या टप्प्याच्या, आतच राहिला.

म्हणून ब्रेस सुसह्य करणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि इथेच निटिनॉलसारखे ‘स्मार्ट’ पदार्थ मोलाचे ठरतात. निकेल-टायटॅनियमचा हा मिश्रधातू वाकला तरी मूळ आकाराकडे परततो आणि बऱ्याच हालचालीतही दाब जवळपास सारखा ठेवतो. दातांच्या तारांमध्ये तो रुळलाच आहे. लवचीक ब्रेसमध्ये त्याचे प्रयोग चालू आहेत. कोलंबिया विद्यापीठात सुनील अग्रवाल यांच्या गटाने २०१८ साली मोटरवर चालणारा, दाब हवा तसा बदलणारा सांगाडाही दाखवला.

हे सगळं आपल्या जिल्हा रुग्णालयांपर्यंत यायला वेळ लागेल. तोवर पालकांनी आणि शिक्षकांनी एवढं करावं: दहा ते पंधरा वयाच्या मुलामुलींना पुढे वाकायला सांगून पाठ पाहावी. एक बाजू उंच दिसली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावं.