तोफा थांबल्या त्या रात्रीचे गीत

युद्धाची गाणी बहुधा दोन प्रकारची असतात. एक प्रकार रक्त सळसळवणारा, तर दुसरा गेलेल्यांसाठी डोळे भिजवणारा. जॉन मॅकचन या अमेरिकन लोकगायकाने १९८४ साली ध्वनिमुद्रित केलेले ‘ख्रिसमस इन द ट्रेंचेस’ हे गीत या दोहोंपैकी कोणत्याच कप्प्यात नीट बसत नाही. त्यात शत्रूचा पराभव नाही, विजयाचा जयघोष नाही, शौर्याचे वर्णनही नाही. एका रात्री शस्त्रे खाली ठेवलेल्या सैनिकांची ती हकिकत आहे. तरीही, किंबहुना म्हणूनच, सैनिकाचा इतका निखळ सन्मान करणारी गीते फार थोडी सापडतील.

मॅकचन हे आपल्या संतूराच्या जातकुळीतील हॅमर डल्सिमर या वाद्याचे नामांकित वादक. एका कार्यक्रमाच्या वेळी रंगमंचामागे काम करणाऱ्या सफाई कामगाराकडून १९१४ च्या नाताळाची गोष्ट आपण ऐकली, आणि तीतून हे गीत जन्मले, असे ते श्रोत्यांना सांगत आले आहेत. गीताचा निवेदक फ्रान्सिस टॉलिव्हर हा लिव्हरपूलचा एक साधा शिपाई. हे पात्र काल्पनिक आहे, परंतु तो जे सांगतो ते घडलेले आहे. गीताला धृपद नाही. कडव्यामागून कडवे येते आणि एखाद्या वृद्धाने ओसरीवर बसून नातवंडांना जुनी आठवण सांगावी तशी कथा पुढे सरकते. चाल संथ, आवाज चढत नाही. श्रोत्याला रडवण्याचा कोणताही प्रयत्न गायक करीत नाही, आणि ऐकणाऱ्याचा कंठ मात्र दाटून येतो.

प्रत्यक्षात काय घडले होते? जुलै १९१४ च्या अखेरीस सुरू झालेले पहिले महायुद्ध नाताळापूर्वी संपेल, अशी दोन्ही बाजूंची समजूत होती. डिसेंबर उजाडला तेव्हा बेल्जियमच्या किनाऱ्यापासून स्वित्झर्लंडच्या सीमेपर्यंत खंदकांची रांग खणली गेली होती. काही ठिकाणी दोन सैन्यांमधले अंतर शंभर पावलांहूनही कमी होते. मधल्या ओसाड पट्ट्यात, ज्याला ‘नो मॅन्स लँड’ म्हणत, आठवड्यामागून आठवडे प्रेते पडून राहिली होती. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी ७ डिसेंबर रोजी सणापुरता तरी युद्धविराम करण्याचे आवाहन केले, पण युद्धरत सरकारांनी ते मानले नाही.

जे सरकारांनी नाकारले ते शिपायांनी केले. २४ डिसेंबरला पावसाळी हवा पालटून कडक थंडी पडली, चिखल गोठला. संध्याकाळी जर्मन खंदकांच्या काठावर मेणबत्त्या लावलेली छोटी झाडे दिसू लागली. मग गाणी ऐकू आली. १८१८ साली ऑस्ट्रियातील एका खेड्यात प्रथम गायले गेलेले ‘स्टिले नाख्ट’ हे स्तोत्र जर्मन गाऊ लागले. ते इंग्रजांनाही आपल्या भाषेत ठाऊक होते. लंडन रायफल ब्रिगेडच्या एका सैनिकाने नोंदवून ठेवले आहे, की आपल्या बाजूने एक इंग्रजी स्तोत्र सुरू होताच समोरून जर्मनांनी त्याच चालीवर मूळ लॅटिन शब्द उचलले आणि दोन शत्रुराष्ट्रे एकच स्तोत्र एकाच वेळी गाऊ लागली. हा प्रसंग आपल्या वाचकांना समजण्यास कठीण नाही. घरी मारवाडी बोलणारा, गुजराती बोलणारा, मराठी बोलणारा आणि कन्नड बोलणारा जैन एका मंदिरात जमतात तेव्हा व्यवहाराची भाषा कदाचित अडखळते, परंतु नवकार मंत्र सर्वांच्या मुखी त्याच प्राकृत शब्दांत येतो. पाठ असलेल्या शब्दांचे सामर्थ्य असे असते. ते ओळख पटवून देतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे खंदकांबाहेर आली. आधी एखाददुसरा हात वर करून, नंतर घोळक्यांनी. सिगार, मुरंब्याचे डबे, डबाबंद मांस, गणवेशाची बटणे यांची देवघेव झाली. व्यापारी घरातल्या वाचकांना गंमत वाटेल, की या बाजारात दर ठरवणारा कोणी नव्हता आणि घासाघीस केल्याचेही फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही. एका इंग्रज बटणाला एक जर्मन बटण, हाच भाव. काही ठिकाणी चेंडूही खेळला गेला. चित्रपटांत आणि जाहिरातींत पुढे याच फुटबॉलला अवास्तव महत्त्व मिळाले. त्याचे पुरावे तुरळक आहेत. मात्र ज्या गोष्टीचे पुरावे भरपूर आहेत, ती जाहिरातीत दाखवण्याजोगी नाही. त्या दिवशी सर्वांत आधी आणि सर्वांत अधिक ठिकाणी जे काम झाले, ते मृतांना मूठमाती देण्याचे.

फ्रान्समधील फ्लूरबे गावाजवळ आठवडाभरापूर्वीच्या हल्ल्यात पडलेले सैनिक तसेच उघड्यावर होते. दोन्ही बाजूंनी फावडी आणली. खड्डे खणले. स्कॉटिश गॉर्डन हायलँडर्स पलटणीचे धर्मोपदेशक अ‍ॅडम्स यांनी बायबलातील तेविसावे स्तोत्र इंग्रजीत म्हटले आणि एका जर्मन तरुणाने तेच जर्मन भाषेत म्हटले. एका बाजूस ब्रिटिश उभे होते, दुसऱ्या बाजूस जर्मन, आणि टोप्या सर्वांच्या हातात. सैनिकाला मानवंदना देण्याचे अनेक विधी जगात आहेत. तोफांची सलामी आहे, शोकधून आहे, पुष्पचक्र आहे. ज्याच्या गोळीने तो पडला त्यानेच खड्ड्याशी उघड्या डोक्याने उभे राहावे, याहून मोठी मानवंदना कोणती असू शकेल?

हे सर्वत्र घडले असे मात्र नाही. सुमारे एक लाख सैनिक या ना त्या प्रकारे या शांततेत सामील झाले असावेत, असा अंदाज केला जातो. त्याच दिवशी आघाडीच्या इतर भागांत गोळीबार चालू होता आणि माणसे मरतही होती.

या आघाडीवर हिंदुस्थानी पलटणीही होत्या, याचा आपल्याकडे बहुधा विसर पडतो. लाहोर आणि मेरठ या दोन डिव्हिजन १९१४ च्या सप्टेंबरअखेरीपासून मार्सेय बंदरात उतरू लागल्या. उन्हाळी कपड्यांनिशी आलेल्या या जवानांनी युरोपचा पहिला हिवाळा खंदकांत काढला. त्यांपैकी ३९ व्या गढवाल रायफल्सच्या समोरही त्या नाताळात बंदुका थांबल्या आणि मधल्या पट्ट्यात भेटीगाठी झाल्या. महिनाभरापूर्वीच याच पलटणीचे दरवानसिंह नेगी यांनी फेस्टुबर्त येथे व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. त्या सणाला राजकन्या मेरीच्या नावाने प्रत्येक सैनिकाला भेट देण्यात आली. ब्रिटिश शिपायास तंबाखू व सिगारेटी मिळाल्या. शीख सैनिकांच्या धर्मनियमांचा विचार करून त्यांना तंबाखूऐवजी खडीसाखर आणि मसाल्यांची डबी देण्यात आली. फ्लँडर्सच्या गोठलेल्या चिखलात एखाद्या जवानाने ती डबी उघडली असेल, तेव्हा त्या वासाने त्याला कोठे नेले असेल याची कल्पना प्रत्येकाने आपापल्या स्वयंपाकघरावरून करावी.

जेमतेम अडीच महिन्यांनी, १० मार्च १९१५ रोजी, न्यूव्ह शापेलच्या लढाईत हीच गढवाल रायफल्स समोरच्या खंदकांवर चालून गेली. गबरसिंह नेगी तेथे धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या गावी आज हिंदुस्थानी सैनिकांचे स्मारक आहे. ते १९२७ साली उभारले गेले आणि ज्यांची कबरही ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक जणांची नावे त्यावर आहेत. मराठा पलटणींचे भोग वेगळ्या भूमीवर लिहिले होते. पुणे डिव्हिजनबरोबर त्या मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरण जाण्याची वेळ आली. त्यांच्यासाठी असे गीत कोणी लिहिलेले नाही.

मॅकचन यांच्या गीतातील शेवटचे कडवे सर्वांत धारदार आहे. टॉलिव्हर तेथे द्वेषाचे शब्द उच्चारत नाही. युद्धाचा आदेश देणारे स्वतः कधी मृतांत आणि जायबंदी झालेल्यांत नसतात, एवढेच तो सांगतो. तो ऐकताना जैन श्रोत्याला आदिपुराणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

भरत आणि बाहुबली यांची सैन्ये समोरासमोर उभी ठाकली होती. शंख फुंकले जाणार, इतक्यात दोन्ही बाजूंचे मंत्री एकत्र आले. आचार्य जिनसेनांनी त्यांच्या तोंडी घातलेला युक्तिवाद भावनेचा नाही, चोख हिशेबाचा आहे. हे दोघे बंधू चरमशरीरी आहेत, याच भवात मोक्षाला जाणारे आहेत. युद्धात त्यांचे काहीच बिघडणार नाही. मरतील ते दोन्हीकडचे सैनिक. मग ज्यांचे भांडण त्यांनीच ते मिटवावे. त्यानुसार सैन्ये जागच्या जागी थांबली आणि दृष्टियुद्ध, जलयुद्ध व मल्लयुद्ध असे तीन सामने दोघा भावांमध्ये झाले. आपण ही कथा सहसा बाहुबलींच्या वैराग्यासाठी सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या आरंभी उभे असलेले ते अनाम सैनिक आपल्या नजरेतून निसटतात. त्या दिवशी ते सर्वच्या सर्व घरी परतले. १९१४ साली युरोपच्या राजधान्यांत असे मंत्री निघाले नाहीत. तेथे राजे परस्परांचे नातलग होते, इंग्लंडचा पाचवा जॉर्ज आणि जर्मनीचा कैसर तर सख्खे आतेमामेभाऊ, तरीही चार वर्षांत ९० लाखांच्या आसपास सैनिक गेले.

अहिंसेचा उपासक सैनिकाच्या गौरवाचे गीत कसे ऐकू शकतो, असा प्रश्न घरातील तरुण मंडळी कधी कधी विचारतात. आपल्या आचार्यांनी हा प्रश्न टाळलेला नाही. हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद करताना त्यांनी गृहस्थाला पहिल्या प्रकारापासून पूर्णतः दूर राहण्यास सांगितले, आणि रक्षणासाठी अपरिहार्यपणे घडणाऱ्या विरोधी हिंसेला वेगळ्या पारड्यात ठेवले. श्रवणबेळगोळची भव्य मूर्ती इ. स. ९८१ च्या सुमारास घडवून घेणारा चामुंडराय हा गंग राजवटीचा सेनापती होता. आयुष्यभर रणांगण पाहिलेल्या त्या पुरुषाने पूजेसाठी कोणाची मूर्ती निवडली? जिंकलेले युद्ध हातचे सोडून देणाऱ्याची. सैनिकाला शांततेची किंमत इतरांपेक्षा अधिक कळते, याचा तो दगडात कोरलेला दाखला मानण्यास हरकत नाही.

सेनाधिकाऱ्यांना मात्र ही शांतता मानवली नाही. शत्रूशी सलगी वाढली तर लढण्याची इच्छा मंदावेल, अशी ताकीद ब्रिटिश सेनानी स्मिथ-डोरियन यांनी ५ डिसेंबरलाच दिली होती. लष्करी शिस्तीच्या दृष्टीने ती भीती खोटी नव्हती, हेही मान्य करावे लागेल. ८ जानेवारी १९१५ रोजी ‘डेली मिरर’च्या पहिल्या पानावर दोन्ही सैन्यांतील शिपायांचे एकत्र छायाचित्र झळकले आणि लपवण्यासारखे काही उरले नाही. पुढील नाताळात कडक आदेश निघाले. तरीही स्कॉट्स गार्ड्सचे कॅप्टन कोल्हून यांनी मृतांच्या दफनासाठी अल्पकाळ परवानगी दिली आणि त्याबद्दल त्यांना लष्करी न्यायालयापुढे उभे राहावे लागले. शिक्षा ठपक्यावर निभावली आणि तोही पुढे माफ झाला.

गीताच्या श्रोत्यांविषयी मॅकचन एक आठवण सांगतात. डेन्मार्कमधील एका कार्यक्रमाला काही वृद्ध जर्मन मुद्दाम आले होते. ते त्या नाताळात प्रत्यक्ष खंदकांत होते. त्यांनी आयुष्यभर ही हकिकत घरच्यांना सांगितली होती आणि कोणी फारसा विश्वास ठेवला नव्हता. आता एक परका मनुष्य, परक्या भाषेत, तीच हकिकत गात होता. त्यांच्यासाठी ते मनोरंजन नव्हते, साक्ष होती. त्या नाताळाचे अखेरचे ज्ञात साक्षीदार, स्कॉटलंडचे आल्फ्रेड अँडरसन, २००५ साली १०९ व्या वर्षी वारले. बंदुकांचा आवाज बंद झाल्यावर पसरलेली विलक्षण शांतता, हीच त्यांची सर्वांत ठळक आठवण होती.

फ्रेंच सैन्यात लुई बार्तास नावाचा एक कॉर्पोरल होता. लाकडी पिंपे बनवणे हा त्याचा व्यवसाय. डिसेंबर १९१५ मध्ये मुसळधार पावसाने खंदक भरले, तेव्हा बुडून मरू नये म्हणून फ्रेंच आणि जर्मन दोघेही बाहेर आले आणि एकमेकांकडे पाहत उभे राहिले. गोळी कोणी झाडली नाही. बार्तासने आपल्या वहीत इच्छा लिहून ठेवली, की या जागी कधी तरी अशा बंधुभावाचे स्मारक व्हावे. तो १९५२ मध्ये वारला, त्याच्या वह्या १९७८ मध्ये छापल्या गेल्या, आणि १७ डिसेंबर २०१५ रोजी न्यूव्हिल-सँ-व्हास्त येथे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रान्स्वा ओलांद यांच्या हस्ते त्या स्मारकाचे उद्घाटन झाले.